फुकटचं हरीण

पाकीट फोडलं, परवान्यावर मुलाचं नाव बघितलं आणि ओटिलिया मटकन खुर्चीत बसली. नॉर्थ डाकोटात शेतमालकाला दरसाल एक हरीण मारायचा परवाना फुकट मिळतो. वर्षभर ती हरणं त्याचंच तर गवत खातात. अट एवढीच, की जमीन ज्याच्या नावावर त्यानंच मारायचं, आणि आपल्याच हद्दीत. चव्वेचाळीस वर्षं तो कागद तिच्या नावानं आला. नवरा गॉटफ्रीड होता तेव्हासुद्धा, कारण नेम तिचा चांगला.

वसंतात तिच्या छातीचं ऑपरेशन झालं. मागून कटकट नको म्हणून तिनं सगळी जमीन मुलाच्या, एर्विनच्या नावावर करून टाकली. जमिनीबरोबर हरीणही जातं, हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही.

फार्गोहून एर्विन फोनवर म्हणाला, तूच मार, कोण बघायला येतंय. तिनं त्याला चांगलं झाडलं. दुसऱ्याच्या कागदावर शिकार करायला ती काय चोर होती? ये आणि मार, म्हणाली.

शनिवारी तो आला. अंगात शिकाऱ्यांचं नवंकोरं नारिंगी जाकीट, दुकानातल्या घड्यांसकट. दोघं गवताच्या गंजीसमोर झुडपाआड बसली. थंडीनं तिचे गुडघे धरले होते. दोन तासांनी एक थोराड नर आला आणि साठ पावलांवर उभा राहून गंजीतलं गवत निवांत ओढू लागला.

"मार," ती पुटपुटली.

एर्विननं बंदूक खांद्याला लावली, बराच वेळ तशीच धरली आणि खाली ठेवली.

"नाही मारत, आई. नाव माझं आहे ना? मग मी ठरवणार."

ओटिलियाचा हात आपसूक बंदुकीकडे गेला. अर्ध्या वाटेत तिनं तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. हरीण पोटभर खाऊन निघून गेलं. तिच्यात आता रागवायचंही त्राण नव्हतं.

"बरं बाबा, तू मालक. मग गंजीला जाळी मार, नाहीतर उद्या अख्खं खानदान घेऊन येईल तो. खांब शेडमध्ये आहेत, एकवीस. जमीन गोठलीय, जोर लावावा लागेल."

"आणि तू?"

"मी?" गुडघ्यावर हात रोवून ती उठली. "मी आता त्या हरणासारखी. तुझं खाणार."

आणि मागे न बघता घराकडे चालू लागली.