वैलावर तापलेली फिल्म

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. साताऱ्यातल्या एका फोटोच्या दुकानात मला खिळ्याला टांगलं आहे. फोटो काढायला शिकणाऱ्या पोरांना मला दाखवून सांगतात, "उष्णता लागली की फिल्मची अशी गत होते." पोरं हळहळतात. माझ्यासाठी कुणी हळहळू नये, म्हणून तर ही हकीकत सांगायला बसले आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात, मिट्ट काळोखात झाला. माझ्या अंगावर चांदीच्या बारीक कणांचा लेप दिला गेला. त्या कणांचं काम एकच. क्षणभर उजेड पडला, की समोरचं रूप पकडायचं आणि धरून ठेवायचं. मग मला घट्ट गुंडाळून पत्र्याच्या डबीत बंद केलं. तेव्हापासून मी फक्त ऐकत होते.

दादासो फोटोग्राफरांनी मला विकत घेतलं, तेव्हा मोठी लढाई चालू होती. विलायती माल मिळेनासा झाला होता. त्यांच्या दुकानात मी शेवटचीच उरले होते. लग्नाचं गिऱ्हाईक आलं तरी ते मला हात लावत नसत. "ही मोक्याला ठेवलीय," म्हणत. मला ते ऐकून फार मोठेपणा वाटायचा.

तो मोका आला त्रेचाळीस सालच्या वैशाखात. फौजदार दुकानात आले. सरकारविरुद्धच्या चळवळीत तारा तोडणारा एक तरुण म्हसवडकडच्या एका धनगरवाडीत लपला होता. त्याला तोंडानं ओळखणारा खबऱ्या साताऱ्यात होता. पण तो वाडीत पाय टाकायला घाबरत होता.

"माणूस तिकडे जात नाही, तर वाडीची तोंडं इकडे आणू," फौजदार म्हणाले. "सगळ्या पुरुषांचे फोटो काढायचे. चला."

दादासोंना नाही म्हणता आलं नाही. वाडीला पोलिसांचा वेढा पडला आणि आम्ही जवळच्या सरकारी बंगल्यात उतरलो. तिथं राहीबाई स्वयंपाक करायची. बाई त्याच वाडीची. दादासोंनी माझी डबी तिच्या हाती दिली.

"बाई, ही गार जागी ठेवा. उष्णता लागली तर उजेड न बघताच ही काळी पडेल. मग हिच्यावर तोंडं उमटायची नाहीत."

"बरं," म्हणून तिनं मला रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठेवलं. किती गार वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दादासोंना काही काम नव्हतं. उन्हं उतरल्यावर फोटो काढायचं ठरलं होतं. राहीबाईनं सकाळीच मला वाळूतून उचललं आणि नेऊन ठेवलं ते थेट वैलावर! चुलीशेजारी दूध कोमट राहावं म्हणून जे तोंड असतं, त्यावर. वर पातेलं उपडं घातलं.

मित्रांनो, मला असा राग आला! जपायला दिलेली वस्तू हिनं तापायला ठेवली. पत्रा तापू लागला. माझ्या अंगावरचा लेप मऊ पडला. उजेडाचा एक किरणही नसताना माझे कण एकेक करून जागे होऊ लागले. ओरडावंसं वाटलं, पण फिल्मला कुठला आवाज?

एवढ्यात साहेबांच्या चहाचं दूध म्हणून पोलिसांनी वेढ्यातून सोडलेला वाडीतला एक गडी दाराशी आला.

"आक्का," तो दबक्या आवाजात म्हणाला, "मी पळतो. वड्यानं जाईन."

"खुळा हाईस का जोतीराम? तू पळालास तर वाडीला बडवून काढत्याल. तुला लपीवलं म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांना धरून न्हेत्याल."

"मग काय करू? फोटूत घावलो तरी वाडी मरतीयाच की!"

"रांगंत उभा ऱ्हा. नाव इचारलं तर कोंडीबा सांग. फोटूचं मी बघते."

"तू काय बघणार?"

"त्यो फोटूवालाच म्हणला, ह्याला आच सोसत न्हाई. वैलावर ठिवलंय बघ. जा आता, आन् मान खाली घालू नगंस."

तो गेला. राहीबाईनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

माझा राग गेला. आजवर मला कुणी विचारलं नव्हतं, की बाई, तुला कुणाची तोंडं धरून ठेवायची आहेत? विकत घेतलं, डबीत घातलं, फौजदाराच्या कामाला जुंपलं. आता मात्र माझं मी ठरवलं. मी तापले. कुरकुर न करता, कणाकणानं तापले.

दुपार सरता सरता तिनं मला पुन्हा ओल्या वाळूत पुरलं. दादासो ओसरीवर दुपारची झोप काढून उठले, तेव्हा डबी गारेगार होती. त्यांनी मला कॅमेऱ्यात बसवलं. वाडीतले पुरुष पाराजवळ उभे केले होते. झडप उघडली आणि जन्मात पहिल्यांदा मी उजेड पाहिला. पटक्यातली, घामेजलेली, घाबरलेली तोंडं. त्यांच्यात एक तरणा गडी सरळ माझ्याकडे बघत होता. मी सगळ्यांना पाहिलं. धरून ठेवलं नाही कुणालाच.

वेढा उठला. साताऱ्याच्या अंधाऱ्या खोलीत दादासोंनी मला धुतलं. दिव्यासमोर धरलं, उलटसुलट करून पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी काळीभोर होते. कुठं नाक नाही, डोळा नाही. तोवर जोतीराम कुठल्या कुठं निघून गेला होता, आणि दुसरी फिल्म सबंध जिल्ह्यात शोधूनही मिळाली नाही.

फौजदारांनी दादासोंना नाही नाही ते बोलून घेतलं. "चार दिवसांत कारण सांगायचं, नाहीतर दुकानाला कुलूप!" तसे दादासो मला खिशात घालून तडक बंगल्यावर आले.

"बाई, डबी कुठं ठेवली होती?"

"आदी वाळूत. मग वैलावर," राहीबाई म्हणाली. भाकरी थापायची तिची थांबली नाही.

"मुद्दाम?"

"व्हय. मुद्दाम."

"माझं नाव बुडवलंत तुम्ही! सगळे म्हणतात, दादासोला फिल्म सांभाळता येत नाही."

"आवं, तुमचं नाव बुडालं ह्ये खरं हाय. पर वाडीतला एक बी माणूस बुडाला न्हाई. माझा भाऊ व्हता त्यात." तिनं हात झटकले आणि त्यांच्याकडे पाहिलं. "जावा, सांगा फौजदाराला. मी काय पळून जात न्हाई. हितंच चुलीम्होरं बसलीया."

दादासो उंबऱ्यावर टेकले. म्हणाले, "पाणी द्या जरा." तांब्याभर पाणी प्याले आणि निघाले.

साताऱ्याला परतून त्यांनी फौजदारांना सांगितलं, "माल जुना होता साहेब. चूक माझी."

दुकानाला कुलूप पडलं ते पडलंच. दादासोंनी घरच्या ओसरीवर बसून छत्र्या दुरुस्त केल्या, पण राहीबाईचं नाव त्यांच्या ओठांवर आलं नाही. देश स्वतंत्र झाल्यावर दुकान उघडलं. तेव्हा पहिला खिळा ठोकला तो माझ्यासाठी.

मित्रांनो, फिल्मला उन्हापासून, चुलीपासून जपा. गार, कोरड्या जागी ठेवा. दादासो पोरांना हे शिकवतात, ते योग्यच आहे. मात्र मला खराब म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. या, मला उजेडासमोर धरा आणि हवं तितकं निरखून बघा. अख्खी वाडी माझ्यासमोर उभी होती. त्यातला एक तरी माणूस ओळखून दाखवा!