तटस्थ जागा

"देवळात नाय म्हंजे नाय," हेमांगीचे वडील प्रतापभाऊ ओट्यावरून म्हणाले. "देवळाचा ट्रस्टी त्यांचा चुलता. आमची नात काय त्यांच्या घंटेखाली बसणार?"

"मंग बापलेकीला शाळेत भेटू दे," हेमांगी म्हणाली. ती पडवीत वाळलेली सुपारी सोलत होती. सकाळपासून हाच विषय चालला होता, त्यामुळे सुपारीपेक्षा बोलणंच जास्त सोललं गेलं होतं.

"शाळेला त्यांची हरकत. हेडमास्तरीण तुजी मावशी लागते म्हनं."

हेमांगी खालच्या आळीतली, नवरा ललित वरच्या आळीतला. मध्ये एक डांबरी रस्ता आणि सुपारीच्या चार वाड्या. लग्न जमलं तेव्हा दोन्ही आळ्या म्हणाल्या, लेक डोळ्यांसमोर राहील. राहिली ती अशी, की घरात भांडं पडलं तरी दोन्ही आळ्यांत ऐकू जायचं. मारझोड नव्हती, दारू नव्हती. पण दोघांचं एका गोष्टीवर पटेना, आणि पटवायला जो येई तो भांडणाला आणखी एक फांदी फोडून जाई. दोघं बोलायला लागली की पूर्वी नावाची त्यांची आठ वर्षांची लेक दप्तर घेऊन विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसायची आणि आवाज थांबला की परत यायची. ते एकदा हेमांगीच्या नजरेस आलं. दिवाळीनंतर ती पोरीला घेऊन माहेरी आली आणि दोघांनी संमतीनं पालघरच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केला.

तिथं मध्यस्थीच्या बाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं. पोरीदेखत एकमेकांचं वाईट बोलू नका. तिच्या हातून निरोप पाठवू नका. तुला कोण जास्त आवडतं, असं चुकूनही विचारू नका. निकाल लागेपर्यंत दर रविवारी बाबा तिला भेटतील, पण जागा तटस्थ हवी. दोघांनी मान डोलावली. बाई परगावच्या होत्या. त्यांना काय माहीत, की या गावात कावळासुद्धा कुठल्या तरी एका आळीचा असतो.

एसटी थांबा बाद झाला, कारण तिथली वडापावची गाडी ललितच्या मावसभावाची. समुद्राकाठच्या सुरूच्या बनाला ललितची आई दमयंती हिनं नकार दिला, कारण तिथं प्रतापभाऊ रोज सकाळी फिरायला जातात. शेवटी सरपंच कमलेश म्हणाला, "पंचायतीचं सभागृह घ्या. ते सगळ्यांचं हाय."

ते सगळ्यांचं आहे, हे सगळ्यांनी मनावर घेतलं.

रविवारी हेमांगी पूर्वीला घेऊन पोचली तर आत खुर्च्या मांडलेल्या. उजवीकडे खालची आळी, डावीकडे वरची. कमलेश इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी उभा. मधल्या बाकावर ललित, मांडीवर पांढऱ्या, रसाळ जामांची पिशवी घेऊन, परीक्षेला बसल्यासारखा.

पूर्वी बापाशेजारी बसली. त्यानं तिला एक जाम दिला.

"खोकला होईल तिला," प्रतापभाऊ उजवीकडून म्हणाले.

"आमच्या घरी कदी खोकली नाय ती," दमयंती डावीकडून म्हणाली. "पूर्वी, तिकडं पोटभर जेवाया देतात ना गं?"

खालची आळी उसळली. कमलेशनं टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि आपलं डोकं चालवलं.

"हे बगा, उगाच कोर्टकचेऱ्या कशाला? पोर हितंच हाय. पूर्वी बाळा, सगळ्यांसमोर सांग, तुला आईकडं रावायचंय का बाबांकडं?"

पूर्वीनं हातातला जाम बाकावर ठेवला. "मला शूला जायचंय," ती म्हणाली, मागच्या संडासात गेली आणि आतून कडी लावली.

बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. एका बाजूनं हेमांगी गेली, दुसऱ्या बाजूनं ललित. दोघं दारासमोर उभी राहिली.

"सगळे गेले का?" आतून आवाज आला.

"नाय गेले," ललित म्हणाला.

"मंग मी हितंच बसते."

हेमांगीच्या मनात आलं, विहिरीच्या कट्ट्याला निदान वारा तरी होता.

"हेच इचारू नका म्हणालेल्या ना बाई," ललित हळू म्हणाला. त्यांचं आपसात बोलणं कित्येक महिन्यांनी होत होतं.

"म्हणालेल्या. पन ऐकाया आपुन दोगंच होतो." तिनं सभागृहाकडं नजर टाकली. "आनि त्या असंबी म्हणालेल्या, आठवतंय का तुमाला? भेटीच्या वक्ताला जो हजर राहील त्याचं नाव कोर्टात द्यायचं. मंग त्याला दर शनिवारी पालघरला समुपदेशनाला बसवनार."

"असं कवा..." ललित म्हणाला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. "हां. आधारकार्ड घेऊन."

"दोन फोटोबी."

लग्नानंतर एवढ्या झटपट त्यांचं एकमत पहिल्यांदाच झालं असेल. ललित सभागृहात गेला आणि खिशातून पेन काढून नावं विचारायला लागला. कुणाला वाडीत पाणी सोडल्याचं आठवलं, कुणाची म्हैस व्यायला झाली. इस्त्रीचा शर्ट सगळ्यांच्या आधी दारातून बाहेर पडला.

"मी आजा हाय," प्रतापभाऊ अडून बसले.

"बाबा, आज्याला तर मंगळवारीबी बोलावनार हायेत," हेमांगी म्हणाली. दमयंतीला काही सांगावंच लागलं नाही. ती केव्हाच रस्त्याला लागली होती.

पूर्वी कडी काढून बाहेर आली. रिकामं सभागृह बघून आधी सगळ्या खुर्च्यांवर एकेकदा बसून आली आणि मग बापाला शाळेतलं काहीबाही सांगत बसली. हेमांगी घरी गेली.

पुढचे रविवार सुरळीत गेले. कधी आणायची, कधी सोडायची, हे दोघं फोनवर ठरवायची. पोरीला ताप आला तर ललित औषध आणून दारात द्यायचा, उंबऱ्यापाशीच दोन शब्द बोलून निघायचा. गावाला हे पचेना. भांडत होती तेव्हा निदान कळत तरी होतं.

मग एका संध्याकाळी दोन्ही आळ्यांची मोठी माणसं नारळ घेऊन प्रतापभाऊंच्या ओट्यावर आली. दमयंती पुढं होती, आणि प्रतापभाऊंनी तिला स्वतः उठून खुर्ची दिली.

"आता तुमचं एवडं छान जमतंय," दमयंती म्हणाली, "मंग वेगळं व्हायाचं सोंग कशाला?"

"तेच म्हनतो मी," प्रतापभाऊ म्हणाले.

हेमांगीनं नारळाला हात लावला नाही. "आई, वेगळं व्हायाचं ठरलं, म्हनून तर जमतंय."

कुणाला काही कळलं नाही. सगळे तिला समजावून थकले आणि उठले. प्रतापभाऊ दमयंतीला रस्त्यापर्यंत सोडायला गेले. आजकालच्या पोरांना संसाराची कदर नाही, यावर दोघांचं इतकं पटलं होतं, की रस्त्यावर उभं राहूनही बोलणं संपेना.

हेमांगीनं ओट्यावरून ते पाहिलं आणि ललितला फोन लावला.

"रविवारी पूर्वीला न्यायला सरळ घरीच या," ती म्हणाली. "आता हितं तुमाला अडवायला कोन मोकळं नाय."