कच्चा टाका

मास्तरांची सगळी अक्कल उजव्या हातात आहे, असं त्यांची बायको कौतुकाने म्हणायची. एका सकाळी त्याच हाताला कात्री पेलेना. तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली. इस्पितळातून परत आले तेव्हा तोंड सरळ झालं होतं, जीभही पहिल्यासारखी तिखट. हात तेवढा गळ्यातल्या झोळीत पडून होता.

कपडे शिवायचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शिलाई मशीनवर बायकोने चादर टाकली होती आणि तिकडे बघायचं ती टाळत होती.

तिचा धाकटा भाऊ विमा एजंट. त्यानेच मागे गळ घालून मास्तरांचा गंभीर आजाराचा विमा उतरवला होता. तो समजावायला आला.

"ताई, हा इस्पितळाची बिलं भरणारा विमा नाही. यादीतला आजार झाला आणि तो त्यांच्या व्याख्येत बसला, की ठरलेली रक्कम एकदम हातात."

"पक्षाघात आहे ना यादीत?"

"आहे. पण दोष कायमचा हवा. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासून तसं लिहून द्यायला हवं."

"म्हणजे बरा झालो तर ठणठणगोपाळ," मास्तर म्हणाले. "मेव्हणे, तुमचा सदरा लुळ्या माणसालाच बसतो म्हणायचा."

भाऊ ओशाळला. "भावोजी, तुम्ही आधी बरे व्हा. विम्याचं मागाहून बघू."

पुढे एका दुपारी मास्तर डुलकी काढत होते आणि तिला झोळीतली बोटं हलताना दिसली. अंगठा तर्जनीवर घासत होता, दोरा ओवल्यासारखा. तिने आनंदाने त्यांना हलवून जागं केलं.

"अहो, बोटं हलली तुमची."

"ठाऊक आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणाला बोलू नकोस."

"असं काय करता? व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, हात वापरला नाही तर तो विसरेल म्हणून."

"अगं, चाळीस वर्षांची सवय आहे, अशी कशी विसरेल? हा कच्चा टाका समज. माप बघण्यापुरता घालायचा. पैसे आले की उसवला." मग त्यांचा आवाज उतरला. "पुन्हा झटका आला तर तुझ्या हाती काय आहे?"

बाईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तिनेच उचलला आणि बटणांच्या डब्यात टाकला. वर झाकण घट्ट लावलं.

त्यानंतर ती रोज दुपारी उशाशी बसू लागली. आधी बोटं हलत. मग एखादंच हले. पुढे पुढे तिला वाटे, आत्ता हललं. आणि बघावं तर वाऱ्याने झोळीची कडा हललेली असे. विचारायचं तिच्या ओठांवर येई आणि ती पाणी आणायला उठे. मास्तरांच्या कोट्याही कमी झाल्या. बटण लावायचं असलं तरी डावा हातच पुढे येई, घरात दुसरं कुणी नसतानाही. हे तिने पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं स्वतःला सांगितलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी भावाचा निरोप आला. "ताई, उद्या डॉक्टर हात नीट हलवून बघतील. घाबरू नका."

तिने डबा उघडला. चेंडू काढून मास्तरांच्या समोर बसली, झोळीची गाठ सोडली आणि एकेक बोट त्या चेंडूभोवती लपेटलं. बोटं गार होती.

"नको मला ते पैसे," ती म्हणाली. "पुरे झालं सोंग. उसवा तुमचा तो टाका. दाबा."

मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. मानेची शीर ताठ झाली होती. चेंडू होता तसाच गोल होता.

"अहो, दाबा ना."

"दाबतोच आहे गं," मास्तर म्हणाले. "कधीचा."