बाबांच्या वाट्याचा शॉट

ओळखलंत का मला? खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर उपडा बसून येतो ना, तो मापाचा प्लॅस्टिकचा कप मी. अंगावर रेघा, बुडाशी जुना जांभळट डाग. वजनाला इतका हलका, की पंख्याचा झोत लागला तरी ओट्यावरून लोळतो. त्यामुळे दचकणं माझ्या रक्तातच आहे. रक्त नसलं तरी.

मी या घरात आलो तेव्हा ससुली शाळेत नुकतीच जायला लागली होती. ससुली हे बाबांनी ठेवलेलं नाव. दाराची कडी वाजली तरी तिचे कान टवकारायचे, म्हणून. औषध म्हटलं की ती टेबलाखाली. मग छापखान्यातून दमून आलेले बाबा हाताची शाई धुऊन स्वतःच टेबलाखाली शिरायचे. आधी माझ्यात साखरेचं पाणी ओतून आपण प्यायचे, तोंड वेडंवाकडं करायचे आणि म्हणायचे, "बघ, मी वाचलो. आता तू. एक, दोन, गट्टम."

खोकला गेला, बाटलीही गेली. मी मात्र खणात पडलो. सोबतीला संपलेले सेल, सुटी बटणं आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. घर मला फक्त ऐकू यायचं. ससुलीचं कॉलेज संपल्याचं ऐकलं. बाबांना यकृताचा आजार झाल्याचंही ऐकलं. डॉक्टरांनी दारूचा थेंबही नको म्हणून बजावलं, त्या दिवशी घरात ताटं मांडल्याचा आवाज आलाच नाही.

आणि एका दुपारी खण उघडला. "मावशी, सापडलं माप!" मदतीला आलेल्या मावशीला ससुलीने ओरडून सांगितलं.

बाबा निवृत्त झाले होते. संध्याकाळी बाइंडर काका आणि छापखान्यातली बाकीची मंडळी घरी येणार होती. "माझ्यामुळे कुणाचा घसा कोरडा राहायला नको," असं बाबांनीच बजावलं होतं. पण ससुलीच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली होती. सगळे ग्लास उंचावतील, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, ते बाबा पाण्याचा पेला धरून बाजूला बसतील. ते तिला नको होतं.

म्हणून तिने पीचचे शॉट करायचं ठरवलं. काय सांगू, बघत राहावं असं काम! पिकलेले पीच सोलून, साखर घालून मंद आचेवर ठेवले. फोडी पार विरघळल्यावर गाळणीवर चमच्याने घोटून रस काढला. बोटभर उंचीच्या ग्लासांच्या कडा लिंबात बुडवून साखरेत टेकवल्या. मग माझ्यात मोजून व्हिस्की, मोजून पीचचा रस, थोडं लिंबू. सगळं पाण्याच्या स्टीलच्या बाटलीत बर्फासोबत घालून खळखळवलं. बाटली गार पडली, बाहेरून घामेजली. ग्लासात उतरलं ते दिव्यासमोर धरलेल्या मधासारखं.

बाबांचा शॉट तिने सगळ्यात आधी करून ठेवला होता. व्हिस्कीच्या जागी कडक कोरा चहा. लिंबाने चहा फिका पडतो म्हणून तो मुद्दाम जास्त उकळलेला. रंगात तसूभर फरक नाही. ओळखायला वर पुदिन्याचं एक पान. मनापासून सांगतो, माझ्या पोटात इतकं हुशार औषध कधी पडलं नव्हतं.

ससुली कपडे बदलायला गेली आणि मावशी ओट्याशी आली. मावशी म्हणजे टापटिपीचा कहर.

"एकालाच पान? बाकीच्यांनी काय पाप केलंय?" असं पुटपुटत तिने सगळ्यांवर पानं ठेवली. वर सगळे ग्लास त्या साध्या ट्रेमधून काढून चांगल्या ट्रेमध्ये गोलाकार मांडले.

मी ओरडणार कसा? ओट्यावर आडवा झालो, एवढंच.

ससुली आली. ट्रे बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी, बाबांचा कुठला?"

"म्हणजे? सगळे सारखेच ना?"

ससुलीने सांगितलं आणि मावशी मटकन स्टुलावर बसली. "वास घेऊन बघ गं."

"माझ्या हाताला, नाकाला, सगळ्या घराला व्हिस्कीचा वास येतोय."

"मग थोडं थोडं चाखू."

"आणि उष्टे ग्लास पाहुण्यांपुढे ठेवू?" तिने एक ग्लास उचलला. "हा असेल बहुतेक." लगेच परत ठेवला. "बहुतेक म्हणून बाबांना नाही द्यायचा."

तो नव्हताच. बाबांचा ग्लास पलीकडे होता, कडेची साखर जरा तुटलेला. मला ठाऊक होतं, पण रेघा असतात, तोंड नसतं.

"झालं का गं? बाइंडर काका भाषण करायच्या बेतात आहेत, वाचवा," म्हणत बाबा आत आले. मुलीचे भरलेले डोळे बघून थबकले. तिने सगळं सांगून टाकलं. "मी नीट लक्ष द्यायला हवं होतं, बाबा. चुकून तुम्ही घेतला असता तर..."

"घेतला नाही ना? तू घाबरतेस म्हणून तर मी ठणठणीत आहे." त्यांची नजर माझ्यावर पडली. "अरे, हा अजून आहे?"

ससुलीने मला उकळत्या पाण्याने धुतलं. पुसलं, पुन्हा धुतलं. पातेल्यातला चहा, उरलेला पीचचा रस, लिंबू. सगळं त्यांच्यासमोर मोजलं. मी काठोकाठ भरलो.

बाबांनी मला हातात घेतलं, आणि तिच्यापुढे धरलं. "आधी तू."

तिने घोट घेतला. तोंड वेडंवाकडं केलं. रडता रडता हसली. "वाचले."

बाहेर सगळ्यांच्या हातात चकचकीत ग्लास, बाबांच्या हातात मी. मी तर लाजेने पारदर्शक झालो होतो. तसा मी आहेच.

"हे काय, औषध?" बाइंडर काकांनी विचारलं.

"हो. घरच्या डॉक्टरने दिलंय," बाबा म्हणाले. "चला, एक, दोन..."

"गट्टम," ससुली म्हणाली. सगळ्यांनी एका दमात प्यायलं.

साखर तुटलेला ग्लास बाइंडर काकांच्या हातात गेलेला मी पाहिला होता. त्यांनी डोळे मिटले, छाती चोळली. "जपून रे बाबांनो. हा फार कडक आहे. माझे तर कान गरम झाले." आणि भाषणाला उभे राहिले ते खुर्चीचा आधार घेऊन. मावशीने त्यांच्या रिकाम्या ग्लासातला थेंब चाखला, बाबांना 'चहा' अशी खूण केली आणि पदर तोंडात कोंबला. बाबा हसून हसून डोळे पुसत होते, आणि ससुली त्यांना बघत होती.

आता मी खणात नसतो. काचेच्या ग्लासांच्या रांगेत, कपाटात उपडा असतो. रेघा पुसट होत चालल्यात. एक दिवस मापाला निरुपयोगी होईन. तरी तुमच्या खणात माझा एखादा भाऊबंद पडलेला असेल, तर त्याला कचऱ्यात टाकू नका. घरात कुणाच्या तरी वाट्याचं वेगळं मोजायची वेळ येते. तेव्हा त्याला नीट धुवा, भरा, आणि पहिला घोट तुम्ही घ्या.