पेडलची रेघ

दादा गेला त्याच्या पुढच्याच आठवड्यात ती कामावर हजर झाली. घरी बसून करणार काय? येणारे-जाणारे तिच्या डोळ्यांत पाणी शोधायचे आणि तिथे तर नुसता ठणठणाट. आईने एकदा विचारलंही, "अगं, तू रडत का नाहीस?" वाईट वाटत नव्हतं, बरं वाटत नव्हतं, काहीच वाटत नव्हतं. बसून बसून पाय बधिर होतो ना, तसं सगळंच झालं होतं.

तिचं काम खिडक्या मांडण्याचं. कोणी हसेल, पण आहे खरं. हल्लीच्या गाडीत पाच-पन्नास छोटे कॉम्प्युटर असतात आणि ते सारखे एकमेकांशी बोलत असतात. इंजिन काय म्हणतंय, ब्रेक काय म्हणतोय, दार लागलंय की नाही. ही सगळी बडबड एक सॉफ्टवेअर टिपून ठेवतं. पण टिपलेलं वाचणार कोण? म्हणून पडद्यावर खिडक्या लावायच्या. एकीत मेसेजची यादी, एकीत आकडे, एकीत आलेख. कुठला सिग्नल कुठे, कुठल्या रंगात, कुठल्या मापात, ते ती ठरवायची. दादा त्याच कंपनीत चाचणीच्या गाड्या चालवायचा आणि तिला चिडवायचा, "आम्ही जीव मुठीत धरून गाडी पळवायची आणि तुम्ही बसा रेघोट्या ओढत!"

चाचणीच्या सरळ, कोरड्या रस्त्यावर त्याची गाडी कठड्यावर जाऊन आदळली होती. डुलकी लागली असणार, असं लोक बोलायला लागले. कॅन्टीनमध्ये तिच्या पाठीमागेच कोणीतरी बोललं, तेव्हा ती जेवतच राहिली. वहिनी तेवढी ठाम होती. "तो गाडीत डोळा मिटणारा नव्हता, ताई. तुम्ही बघा ना." दादाच्या नावाला लागलेला डाग निघणार की कायमचा राहणार, एवढंच आता उरलं होतं.

दुपारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घोड्यावर बसलेला.

"तुला दाखवू नये असं वाटत होतं. पण बाहेरून कळण्यापेक्षा..." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. दादाच्या गाडीने टिपलेल्या नोंदींचा आलेख त्यांनी स्वतःच लावला होता. इंजिनचे फेरे वर डोंगरासारखे चढत गेलेले आणि खाली ब्रेकच्या पेडलची रेघ तळाला चिकटलेली. "पायच ठेवला नाही गं त्याने. झोपच ती. रिपोर्ट आज जाईल."

तिचे डोळे सवयीने डावीकडच्या मापाच्या पट्टीवर गेले.

"साहेब, पट्टी दोघांना एकच आहे."

"मग?"

"इंजिनचे फेरे हजारांत, पेडल फार तर शंभरापर्यंत. हजारांच्या पट्टीवर शंभर कुठून दिसणार? सब घोडे बारा टक्के केलंत तुम्ही."

एरवी ती साहेबांशी असं बोलली नसती. तिने माउस घेतला आणि पेडलला त्याची वेगळी पट्टी दिली. रेघ तळातून उठली. शेवटाला एक ठसठशीत उंचवटा उभा राहिला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "दाबला होता."

"हो."

"माझं चुकलं. रिपोर्ट थांबवतो," म्हणत ते तसेच बाहेर पळाले. आपल्याला आनंद व्हायला हवा, असं तिच्या मनात आलं. ती बसून राहिली.

नव्या रिपोर्टसाठी खिडकी नीट मांडायला हवी, म्हणून तिने आलेखातला वेळ ताणला. उंचवटा फाकला. तो एक नव्हताच. दाबला, सोडला, पुन्हा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. दर वेळी आधीपेक्षा खोल, शेवटचा तर पार टोकापर्यंत. तिने वेगाची रेघ शेजारी आणली. ती तसूभरही खाली आली नव्हती. ब्रेक मेला होता आणि दादा शेवटपर्यंत त्याला उठवत होता. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते दादाचं होतं. भीती.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "ताई, कळलं का काही?"

"त्याला झोप लागली नव्हती, वहिनी. त्याने ब्रेक दाबला होता. गाडीनेच दगा दिला. दादाची चूक नाही."

"मी म्हणत होते ना! मी सगळ्यांना सांगत होते!" वहिनी हमसून हमसून रडली.

"म्हणजे त्याला कळलं होतं," ती हळूच म्हणाली. "ताई, किती वेळा दाबला हो त्याने?"

पडद्यावर सगळं लख्ख दिसत होतं. असं दिसावं म्हणूनच तर तिला पगार मिळायचा.

"एकदाच," ती म्हणाली. "एकदाच दाबला, वहिनी. लगेच झालं सगळं."

"बरं झालं बाई," वहिनी म्हणाली.

फोन ठेवून तिने डोळे पुसले. तसलीच दुसरी गाडी उद्या दुसरं कोणीतरी चालवणार होतं. तिने खिडकी होती तशी, ताणलेलीच, सेव्ह केली आणि साहेबांना पाठवून दिली.