मार्क पडले म्हणून

“वयनी, पोरीला आर्ट्सलाच घाला. तिला मास्तरीन व्हायचा हाय, डॉक्टर नाय,” आवडी पायरीवर बसूनच म्हणाली होती. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून सकाळच्या एसटीनं ती लेकीला, सेजलला, घेऊन महाडला ओळखीच्या चारुशीलाच्या घरी आली होती. सोबत पिशवीभर नाचणी आणि पोरीचे दहावीचे ब्याऐंशी टक्के.

चारुशीला हसली. स्वतः बी.एस्सी. झालेली ती. “मावशी, एवढे मार्क पडल्यावर कुणी आर्ट्सला जातं का? लोक नावं ठेवतील मला. सायन्स घेऊ दे, पुढे सगळ्या वाटा मोकळ्या राहतात.”

“तुमी शिकलेल्या. तुमाला कळता,” म्हणून आवडी उठली.

सेजल चारुशीलाकडेच राहिली. कॉलेज करायचं आणि वर चारुशीलाच्या दोन वर्षांच्या लेकीला, देवश्रीला, सांभाळायचं, असं ठरलं होतं. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली पोर, अकरावीला फिजिक्स एकदम इंग्रजीत. वर्गात ती मान खाली घालून बसे. निकाल जेमतेम लागला तेव्हा चारुशीलानंच धीर दिला, “अकरावीचे मार्क कोण विचारतंय? बारावीला बघू.”

बारावीच्या वर्षी देवश्रीची दुखणी संपेनात. चारुशीलाचा जीव टांगणीला. पोर जेवायची ती फक्त सेजलच्या हातून, चिंचोके मोजत. एक घास, एक चिंचोका.

“काकी, आज केमिस्ट्रीचा प्रॅक्टिकल हाय.”

“एका प्रॅक्टिकलनं काय बिघडतंय गं? बघ ना, कशी तोंड मिटून बसलीय. एवढं भरव नि जा.”

सेजल दप्तर खाली ठेवायची. “गो बाय, माझा मार्क गेला तुझ्या पोटात,” ती देवश्रीला म्हणायची. दोघी खिदळायच्या. चारुशीलाही हसायची.

बारावीला सेजलला पंचेचाळीस टक्के पडले. डी.एड.चा प्रवेश बारावीच्या मार्कांवर. दहावीचे ब्याऐंशी तिथे कुणाच्या कामाचे नव्हते. तिच्या दहावीच्या वर्गातली मंजुळा साठ टक्क्यांवर अडकली होती, म्हणून मुकाट आर्ट्सला गेली. तिला डी.एड.ला जागा मिळाली.

आवडी लेकीला न्यायला आली, तेव्हाही पायरीवरच बसली.

“पुन्हा बसवूया ना परीक्षेला, मावशी. मी शिकवीन.”

“आता नको, वयनी. मंगेशनं बिरवाडीत खोली घेतलान हाय. भावाजवळच रव्हल, कंपनीत पॅकिंगला जाईल.” मग आतल्या खोलीकडे बघत तिनं विचारलं, “देवू जेवते ना आता?”



देवश्री आता पहिलीत आहे. वर्गात सगळ्यांच्या आधी बेरीज करते. कुणी शिकवलं म्हणून बाईंनी विचारलं, तर म्हणाली, “सेजूताईनं.” त्या दिवशी चारुशीला बिरवाडीच्या नाक्यापर्यंत गेली, रिक्षातून उतरलीसुद्धा, आणि तशीच परत आली.

तेव्हापासून तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, तसं तुम्हालाही सांगते आहे. कंपनीची पाळी सुटताना बायकांच्या घोळक्यात एक उंच, सावळी मुलगी दिसेल, मान खाली घालून चालणारी. चारुशीलाचं नाव सांगू नका. फक्त ती जेवली का, तेवढं विचारा.