सरपंचाचा सासरा

तातेराव म्हस्क्यांच्या फडात सोंगाड्याला पाठांतराची बंदी होती. राजाला पाठांतर चालायचं, प्रधानाला चालायचं. सोंगाड्यानं मात्र ज्या गावात खेळ, त्याच गावचं बोलायचं, असा तातेरावांच्या वडिलांचा, गेणूबुवांचा दंडक. म्हणून खेळाच्या आधी सोंगाड्या डोक्यावर टॉवेल टाकून गावात जायचा. पिठाच्या गिरणीवर, न्हाव्याच्या दुकानात, पारावर अर्धा अर्धा तास बसायचा आणि कोणाची म्हैस कोणाच्या कपाशीत शिरली, कोणाचा जावई रुसून बसला, ते सगळं कानात भरून आणायचा. याला फडात वेचणी म्हणत. वेचलेलं कागदावर उतरवायचं नाही. "कागदावरचं हसू शिळं असतंय," असं गेणूबुवा म्हणत. ते स्वतः सहीच्या जागी अंगठा उठवत, ही गोष्ट वेगळी.

गेणूबुवांनी फड काढला तो निजामाच्या राज्यात, दोन बैलगाड्या एकमेकींना बांधून, त्यांच्यावर फळ्या टाकून. छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढच्याच जत्रेत खेळाच्या सुरुवातीचा गणपतीचा गण बंद करून बुद्धवंदना सुरू केली. "ज्याच्या देवळात आपल्याला पाय ठिवू देत न्हाईत, त्याला आपल्या खेळात पयलं आवतन कशाला?" असं त्यांनी भर चावडीवर विचारलं. अर्ध्या गावांनी फडाला यायचं नाही म्हणून सांगितलं. दोन वर्षांनी त्यातल्याच निम्म्यांनी परत बोलावलं, कारण हसण्याची चटक वाईट. गेणूबुवांनंतर सोंगाड्या झाले तातेराव, आणि पन्नास वर्षं परतूर-घनसावंगीपासून थेट भोकरदनपर्यंत लोकांना हसवत राहिले.

आता ते बहात्तर वर्षांचे होते. आवाज शाबूत होता, गुडघे गेले होते आणि नावं-गावं अधूनमधून निसटत होती. त्यांच्यामागे सोंगाड्या कोण, हा प्रश्न फडासमोर आ वासून उभा होता. फडातली दोन पोरं तयार केली, दोन्ही मोबाईलवर विनोदाच्या व्हिडिओंचं आपापलं दुकान मांडून निघून गेली. मुलगा राजानंद राजाचं काम फक्कड करायचा, पण त्याच्या तोंडून विनोद म्हणजे तलाठ्यानं सातबारा वाचावा तसा. पाडव्याला त्यानं स्पष्टच सांगितलं, "आबा, सोंगाड्या न्हाई तं फड न्हाई. बुद्धपौर्णिमेपोतर वाट बघतो. मंग मी नवीन जालन्यात बियाण्याच्या गोदामावर वॉचमन म्हणून लागतो."

"मी करते की," राजानंदची मुलगी साक्षी म्हणाली होती. बावीस वर्षांची, बी.ए. झालेली, फडात मागच्या रांगेत टाळ धरून उभी राहणारी.

"तू न्हाई," तातेराव म्हणाले. "बाई नाचली तं लोक शिट्ट्या मारतेत. बाईनं गावाची खोडी काढली तं दगड मारतेत."

त्यांची बायको चांगुणाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं भाकरी जरा जोरात थापली, एवढंच.

चैत्रात सावरगाव आणि बोरवाडी अशा दोन जत्रा लागोपाठ आल्या. गुडघे साथ देईनात म्हणून तातेरावांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं: दोन्ही गावांची वेचणी एकाच दिवशी उरकली. साक्षीच्या स्कूटीवर मागं बसून सकाळी एक गाव, दुपारी दुसरं. ते गिरणीत बसले की साक्षी दारात स्कूटीला टेकून उभी राहायची.

जत्रेच्या दिवशी सावरगावात सकाळी दहाला हजेरी होती. हजेरी म्हणजे जत्रेतला दिवसाचा खेळ, गावाला फुकट. फडाचं नाव राहतं की जातं ते इथंच ठरतं. लिंबाच्या सावलीत बायाबापड्या दाटीवाटीनं बसलेल्या. पुढं खुर्चीवर सरपंच सोमेश्वर, पस्तिशीचा, कडक इस्त्रीतला. राजानंद राजा होऊन सिंहासनावर बसला आणि त्यानं नेहमीचा प्रश्न टाकला, "बोला, काय म्हणतंय हे गाव?"

"महाराज, लई हुशार गाव!" तातेरावांनी कमरेवर हात ठेवले. "सरपंचानं चौकात क्यामेरा बसवला. म्हणले, आता चोराची खैर न्हाई. अन् पयल्याच दिशी चोर घावला बराबर! हातपंपाचा दांडा खांद्यावर टाकून पळून राह्यलता. तोंड बघतेत तं कोण? सरपंचाचा सासरा!"

आणि ते हशासाठी थांबले.

हशा आला नाही. चारदोन माणसं माना वर करून खांबाकडं बघायला लागली, क्यामेरा कुठं आहे ते. तातेरावांना वाटलं, मागं ऐकू गेलं नसेल. त्यांनी तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं, "सरपंचाचा सासरा!" आता सोमेश्वरचं तोंड लालबुंद झालं. त्याचं लग्न जमत नव्हतं. सात वर्षं मुली बघून चपला झिजल्या होत्या, आणि ही गोष्ट सावरगावात कोणी त्याच्यासमोर काढत नसे.

मागून एक पोरगं ओरडलं, "म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं! बंद करा अन् गाणे लावा!" शिट्ट्या सुरू झाल्या. क्यामेरा बोरवाडीचा होता, हे त्यांना आत्ता, साऱ्या गावासमोर, आठवलं. आणि सावरगावचं काय वेचलं होतं? काही आठवेना. बापाचा फड आपल्या हातून या लिंबाखाली बुडाला, असं त्यांना वाटलं.

"ए म्हाताऱ्या!"

मागच्या रांगेतून टाळ वाजला आणि साक्षी पुढं आली. "काय रे म्हाताऱ्या, डोळे हायेत का बटनं? बोरवाडी उद्या हाय, हे सावरगाव हाय! इथं सरपंचाला अजून बायको न्हाई, अन् तू सासरा आणला कुठून?" ती थांबली. सोमेश्वरकडं बघितलं, मग गावाकडं. "बरं, आणला तं आणला. येताना त्याची पोरगी बी घेऊन यायची का न्हाई!"

आधी बायका फुटल्या, पदर तोंडाला लावून. मग अख्खं गाव. सोमेश्वरनं आधी इकडंतिकडं बघितलं, आणि मग तोही असा हसला की खुर्ची मागं कलंडता कलंडता राहिली.

तातेरावांची कानशिलं मात्र तापली होती. आबा, तुम्ही जेवलात का, तुम्ही गोळी घेतली का, असं विचारणारी ही पोर. तिनं चारशे माणसांत आपल्याला 'ए म्हाताऱ्या' म्हणावं! आबा आता काय करतात, याकडं फडातल्या सगळ्यांचे डोळे लागले. आबा गप्प राहिले तर ते भांडण होणार होतं. उत्तर दिलं तर खेळ होणार होता.

तेवढ्यात त्यांच्या एक लक्षात आलं. साक्षी बोलायची घाई करत नव्हती. हशा चढला, उतरायला लागला, अर्ध्यावर आला, तेव्हा तिनं तोंड उघडायला श्वास घेतला. ही जागा धरायला तातेरावांना स्वतःला सहा वर्षं लागली होती.

त्यांनी झटक्यात हात जोडले. "चुकलो गं माय! मंग या गावात क्यामेरा न्हाई तं हाय तरी काय?"

"इथं जिम हाय, जिम! सरकारनं पोरायसाठी बसवली. पोरं गेले पुण्याला. आता सायकलीला म्हैस बांधतेत अन् दांड्यावर गोधड्या वाळू घालतेत."

"म्हशीची तब्येत तं सुधरली असंल?"

"बिलकुल! कंबर बघ तिची!"

"मंग दूध किती देती?"

"दूध कशाचं? डाएटवर हाय!"

पुढचा पाऊण तास तातेराव फक्त प्रश्न विचारत राहिले. मूर्खासारखे, भाबडे, नेमके. ती हाणत होती आणि ते खात होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वाट्याला हशा येत नव्हता, त्याच्या आधीचं वाक्य येत होतं, आणि त्यांना आनंद होत होता. खरंच होत होता. खेळ संपल्यावर सोमेश्वर स्वतः पुढं आला, साक्षीला जय भीम घातला आणि तातेरावांना म्हणाला, "आबा, पुढच्या साली बी याच. अन् ह्या ताईलाच उभं करा. सासऱ्याचं जमलं तं बघा!"

टेम्पोत सामान चढत होतं. साक्षी आजोबांसमोर आली, तोंड उतरलेलं. "आबा, माफ करा. माझ्या तोंडून निघून गेलं." ती पाया पडायला वाकली.

तातेरावांनी तिला दंडाला धरून उभं केलं. "सोंगाड्या खेळात कोणाला माफी मागत न्हाई. उद्या बोरवाडीत क्यामेऱ्याचं तू सांग. दांडा चोरणारा सासरा मी होतो. अन् म्हाताऱ्या जरा अजून खणखणीत म्हण, मागं ऐकू गेलं पाह्यजे." मग ते राजानंदकडं वळले. "अन् तुझ्या गोदामवाल्याला सांग, दुसरा वॉचमन बघ म्हणावं."

टेम्पोची दोरी आवळताना राजानंदनं दोनदा डोळे पुसले, आणि घाम आला म्हणाला.

चांगुणाबाई सतरंजीच्या घडीवर बसून सुपारी कातरत होती. तातेराव तिच्याशेजारी जाऊन टेकले. चाळीस वर्षांपूर्वी ही बाई या फडात गवळणीत नाचायची आणि रंगपटात नकला करून सगळ्यांना लोळवायची. स्वतः तातेराव पोट धरून हसायचे. तिनं एकदा विचारलंही होतं, सोंगाड्याचं एखादं काम मला द्या म्हणून. त्यांनी तिलाही दगडांचीच भीती घातली होती. आज दगड आले नव्हते.

"चांगुणा," ते हळूच म्हणाले, "पोरगी तुझ्यावर गेली गं. तवा तुला उभं राहू दिलं असतं तं..."

"तं तुमाला कोणी इच्यारलं असतं का?" चांगुणाबाई म्हणाली, आणि सुपारीचं खांड तिनं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

तातेरावांनी सुपारी तोंडात टाकली. ती चघळत, मान हलवत ते एकटेच हसत बसले.